खाद कोणाच्या नावाची

नागपूरहून सकाळची गाडी सुटली तेव्हा एस्नातनं खिडकीजवळची जागा धरली होती. काटोल आलं तरी ती बाहेरच बघत होती. बाहेर काळी ओली रानं, त्यांत कपाशीच्या ओळी, मध्येच संत्र्यांचे गर्द हिरवे बगीचे. ऑगस्ट होता आणि पाऊस आठवडाभर नुसता लागून राहिला होता. नरखेड मागे पडल्यावर ती म्हणाली, "तुमची माती काळी आहे. आमची लाल. एवढ्या काळ्या मातीला खत लागतं तरी कशाला?"

एस्नात मलावीची. आफ्रिकेच्या दक्षिणेकडचा हा चिंचोळा देश, त्याला समुद्र नाही, पण समुद्रासारखं एक तळं आहे. मी तिथे दोन वर्षं एका शेतीसंस्थेत काम केलं, तेव्हा तिच्याच घरी राहत होते. ती कृषी खात्यात सल्लागार आहे, म्हणजे गावोगाव सायकलीनं फिरून लोकांना मक्याबद्दल सांगते. या वर्षी तिच्या खात्यानं तिला नागपूरला प्रशिक्षणासाठी पाठवलं. भारतात सरकार शेतकऱ्याला स्वस्त खत कसं पोचवतं ते पाहून यायचं आणि तसं मलावीत करता येईल का ते लिहून द्यायचं, हे तिचं काम. नागपुरात त्यांना वर्गात बसवून पडद्यावर चित्रं दाखवली. तिनं मला पुण्याला फोन केला. "मला पोतं बघायचंय," ती म्हणाली. "आणि ते घरी नेणारा माणूस." म्हणून मी आले होते.

आम्ही दोघी इंग्रजीत बोलतो. इथे ते मराठीत लिहिते आहे.

तिच्या देशात खत बाहेरून येतं. शेजारच्या देशांच्या बंदरांतून ट्रक निघतात आणि पेरणी होऊन जाते तरी वाटेतच असतात. सरकारकडे पैसा थोडा, म्हणून सवलतीचं खत सगळ्यांना मिळत नाही. गावातली काही घरं निवडायची, त्यांची नावं झाडाखाली वाचून दाखवायची आणि फक्त त्यांना स्वस्तात पोतं द्यायचं. बाकीच्यांनी बाजारभावानं घ्यावं, म्हणजे घेऊच नये. ती नावं वाचायचं काम एस्नातकडे होतं.

"तुमच्याकडे निवडच नाही," ती म्हणाली. "सरकार कारखान्याला पैसे देतं आणि पोतं स्वस्त होऊनच दुकानात येतं. ज्याला हवं त्यानं घ्यावं. वर्गात हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, आम्हाला हे का नाही सुचलं?"

"तुमच्याकडे तेवढा पैसा नाही म्हणून," मी म्हटलं.

"ते आहेच. पण मला झाडाखाली उभं राहावं लागलं नसतं."

पांढुर्णा स्टेशनावर उतरलो. पाट्या सगळ्या हिंदीत आणि बोलणं सगळं मराठीत, तेही वऱ्हाडी वळणाचं. पुण्यातल्या वाचकांना हे सांगावं लागतं, इथल्या माणसांना नाही. राज्य मध्य प्रदेश, पण घरात भाकर तीच, शिव्याही त्याच. खताला मात्र इथे सगळे खाद म्हणतात. जिल्ह्याचं ठिकाण झाल्यापासून नव्या पाट्या आणि नव्या कचेऱ्या दिसतात. बाकी बाजार जुनाच, कापसाचा आणि संत्र्याचा.

स्टेशनबाहेर एका गाड्यावर तर्रीपोहे (पोह्यांवर झणझणीत चण्याचा रस्सा) खाल्ले. गाडेवाल्यानं एस्नातकडे बघून मला विचारलं, "मॅडमले तर्री कमी टाकू काय?"

मी विचारलं. एस्नात म्हणाली, तुला टाकतो तेवढीच. पहिल्या घासाला तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं ते पुसलं आणि बशी संपवली. गाडेवाल्यानं न मागता वर थोडे चणे घातले.

तिथून रिक्षानं खताच्या गोदामावर गेलो. लांबूनच छत्र्या दिसल्या. बायांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी. गोदामाचं दार अर्धं उघडं होतं, आत एक माणूस यंत्रावर लोकांचे अंगठे घेत होता. एस्नातला पाहून माणसं थोडी सरकली आणि एका गृहस्थानं आम्हाला पत्र्याखाली बोलावलं. वासुदेवराव त्यांचं नाव. गावाबाहेर त्यांचा संत्र्याचा बगीचा आणि कपाशी. त्यांची पोती नुकतीच बाहेर आली होती आणि ते गाडीची वाट बघत बसले होते.

एस्नातनं भाव विचारला. त्यांनी सांगितला. तिनं मला पुन्हा विचारायला लावला, मग मनाशी आपल्या चलनात हिशोब केला आणि पोत्यावर तळहात ठेवून उभी राहिली. युरिया होता. पोत्याचा प्लास्टिकचा पृष्ठभाग पावसानं थंड झाला होता.

"यांना विचार," ती म्हणाली, "एवढं स्वस्त आहे तर रांग का?"

वासुदेवराव हसले. "स्वस्त हाय म्हणूनच तं लाइन हाय. हेच एक स्वस्त हाय ना. बाकीची खाद घ्याले गेलं तं भाव आयकूनच माणूस वापस येते. मंग समदे हेच टाकतात. मीबी टाकतो. कपाशी हिरवीगार होते, डोयाले बरं वाटते."

"आणि माती?" मी विचारलं.

"मातीचं काय." त्यांनी पोत्यावरचं पाणी हातानं निपटलं. "माहा अर्धा बगीचा गेला या दोन-तीन वर्षांत. डिंक्या लागला." (झाडाच्या बुंध्यातून डिंक गळतो, मुळं कुजतात आणि झाड उभ्या उभ्या वाळतं.) "कोणी म्हणते पाण्यानं, कोणी म्हणते खादीनं. तपासाले माणूस काई आला नाई. युरिया मात्र येते."

गाडी आली. त्यांनी पोती चढवली आणि आम्हाला पुढच्या हंगामात संत्री खायला बोलावलं. एस्नात मात्र खुशीत होती. मागे राहिलेली रांग तिलाही दिसत होती. पण पोतं आहे, भाव सगळ्यांना एक आहे, आणि नाव वाचणारं कोणी नाही, एवढ्यानं तिचं समाधान झालं होतं. "अंगठा लावला की झालं," ती म्हणाली. "यंत्राला नातेवाईक नसतात."

दुपारची बस मोहगावकडे निघाली. रस्त्याला एके ठिकाणी बगीचा तोडलेला दिसला. बुंधे तेवढे जमिनीला धरून होते आणि फांद्यांच्या मोळ्या बांधून बांधावर रचल्या होत्या. कंडक्टर म्हणाला, हल्ली संत्र्याचं लाकूड चुलीला सोपं मिळते.

मोहगावच्या अलीकडे एका फाट्यावर इंदूताई उभी होती. नागपूरच्या माझ्या एका सहकाऱ्याची ही मावशी. चाळिशीची, बारीक, डोक्यावर पोत्याची घोंगशी (पावसात डोक्यावर घेतात ती दुमडलेली गोणी). तिनं एस्नातचा हात दोन्ही हातांत धरला. एस्नातनं आपल्या भाषेत विचारलं, "मुली ब्वांजी?" म्हणजे कशी आहेस.

इंदूताईनं माझ्याकडे पाहिलं. "मुली? सांगा त्यायले, एकच हाय. नागपूरले नर्सिंग शिकून राहिली."

मी उलगडा केला तेव्हा दोघी इतक्या हसल्या की फाट्यावरचा चहावाला बाहेर येऊन बघू लागला. त्या प्रवासातलं एवढं मोकळं हसू तेवढंच.

घर लहान, निळं रंगवलेलं, छपरावर पंचशीलाचा झेंडा पावसानं काठीला चिकटलेला. नवरा प्रल्हादभाऊ बोरगावच्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला, संध्याकाळी येणार होता. शेत इंदूताईच करत होती. चहा झाल्यावर ती म्हणाली, "चाला, वावर पाहून घ्या अंधार पडाच्या आंधी."

वावर म्हणजे शेत. ते गावाच्या खालच्या अंगाला, नाल्याशेजारी होतं. कपाशी गुडघ्याच्या वर आली होती, पण पिवळी पडली होती. शेजारच्या शेतातली गर्द आणि ही फिकट, मधला बांध नसता तरी हद्द कळली असती. सततच्या पावसानं मातीतलं सगळं धुऊन गेलं होतं.

"पात्या लागून राहिल्या," इंदूताई एका झाडाची फांदी वर करून म्हणाली. (पात्या म्हणजे फुलाआधीच्या कळ्या.) तिच्या बोटांच्या धक्क्यानंच दोन गळल्या. "आता हप्त्यात खाद पडली तं झाड धरन. मंग टाकून काई उपेग नाई."

"मग रांगेत का नाही उभी राहत?" एस्नातनं विचारलं. मी सांगितलं.

"उभी राहून काय करू? टोकन वावराच्या कागदावर निंगते. वावर माह्या नावाचं नाई ना."

ती सांगत गेली आणि मी इंग्रजीत करत गेले. शेत सौंसरच्या एका गुरुजींचं. ती ते बऱ्याच वर्षांपासून ठेक्यानं (खंडानं) करते, तोंडी बोलीवर. पूर्वी कोणीही आधार दाखवून पोतं घेई. मग गर्दी आणि काळाबाजार थांबवायला टोकन आलं. ज्याच्या नावावर जितकी जमीन, त्याला तितकी पोती, आणि नंबर येतो त्याच्या मोबाइलवर. तिच्या कपाशीची पोती निघत होती, पण गुरुजींच्या नावानं. ती पोती त्यांच्या बोरगावकडच्या बगीच्यात जात होती.

"गेल्या वर्षी तं त्यायनं देल्ली अर्धी," ती म्हणाली. "या वर्षी बगीचाच मरून राहिला त्यायचा, मंग मले कुठून देतीन."

एस्नात बांधावर उकिडवी बसली. तिनं मला विचारलं, "म्हणजे जी शेती करते ती यंत्राला दिसतच नाही?"

मी हो म्हटलं. ती उठली नाही. आपल्या पायांशी पडलेल्या पात्या गोळा करून तिनं ओंजळीत घेतल्या, आणि मग काय करावं ते न कळून पुन्हा खाली ठेवल्या.

संध्याकाळी प्रल्हादभाऊ आला. जेवायला ज्वारीची भाकर आणि तरोट्याची भाजी होती. तरोटा पावसाळ्यात रस्त्याकडेला आपोआप उगवतो. त्याची कोवळी पानं कांदा-लसणावर परततात. एस्नात म्हणाली, आमच्याकडे भोपळ्याची पानं अशीच खातात, शेंगदाण्याचं कूट घालून. इंदूताईनं लगेच उठून थोडं कूट आणलं आणि तिच्या भाजीवर घातलं. चव कशी झाली ते एस्नातनं सांगितलं नाही. भाजी मात्र सगळी खाल्ली.

जेवताना इंदूताईनं विचारलं, "यायच्या देशात कसं हाय? गरिबाले भेटते काय?"

"भेटतं," एस्नात म्हणाली. "माझ्या आईला भेटलं." मग हात धुऊन आल्यावर तिनं ते सांगितलं. मी दोन वर्षं तिच्या घरी राहिले होते, पण मलाही ते ठाऊक नव्हतं.

तिची आई विधवा, शेत लहान. एका वर्षी तिचं नाव निवडलेल्या घरांत आलं. झाडाखाली ते एस्नातनंच वाचलं. गावचा मफुमु (मुखिया) म्हणाला, पोती थोडी आहेत आणि घरं पुष्कळ, तेव्हा नेहमीप्रमाणे ज्यांना मिळालं त्यांनी शेजाऱ्यांत वाटून घ्यावं. सगळीकडे असंच चालतं, नाहीतर गावात भांडणं होतात. पण आईचा मका त्याआधीचे दोन हंगाम वाया गेला होता. तिनं वाटायला नकार दिला. सगळं पोतं आपल्या शेतात घातलं, झाडामागे एक एक मूठ. मका चांगला आला.

"मग?" प्रल्हादभाऊनं विचारलं.

"मग तिच्याशी कोणी बोललं नाही. सगळे म्हणाले, मुलीनं आईचं नाव वाचलं. मी फक्त वाचलं होतं, निवडलं नव्हतं, पण ते कोणाला सांगणार? त्या वर्षी माझा धाकटा भाऊ गेला. आमच्याकडे मयताला अख्खं गाव येतं, बाया रात्रभर गातात. आमच्या घरी मोजकी माणसं आली. खड्डा खणायला मावशीच्या गावाहून मुलं बोलवावी लागली."

मी ते मराठीत सांगितलं. इंदूताईनं ते समजून घेतलं. ती एस्नातच्या जवळ सरकून बसली आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. मग म्हणाली, "उद्या गुरुजीकडे जातो मी. कागद मागतो. ठेक्याचा कागद असला तं माह्या नावानं टोकन निंगते म्हणते. तुमी चालता काय संग?"

"नोको मागू," प्रल्हादभाऊ म्हणाला. "एवढे वर्षं नाई मागतला."

"एवढे वर्षं गरज नाई पडली."

सकाळी बसनं सौंसरला गेलो. गुरुजींचं घर बाजारापासून आत, जुनं पण नीट राखलेलं, अंगणात पारिजात. गुरुजी सत्तरीच्या पुढचे. शाळेतून निवृत्त, पांढरा सदरा, बोलणं स्वच्छ. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या. इंदूताई उंबऱ्याजवळ सतरंजीवर बसली. तिलाही त्यांनी खुर्ची सांगितली होती, तीच नको म्हणाली. गुरुजींनी एस्नातला मलावीची राजधानी विचारली नाही, सांगितली. मग तिथल्या तळ्याचं नावही सांगितलं. भूगोल शिकवत होते म्हणाले. एस्नात भारावली. चहा आला, संत्र्याची बर्फी आली.

मग इंदूताईनं विचारलं. खाली बघत, पण स्पष्ट. "गुरुजी, कपाशी पिवळी पडून राहिली. तुमी ठेक्याचं लिहून देल्लं तं मले माही खाद उचलता येईन. एका साली पुरतंच लिहा. दुसरं काई नोको."

गुरुजींनी कप खाली ठेवला. "इंदू, तू मेहनती आहेस. मी कधी तुला नाही म्हटलं का? पण लिहून मागू नकोस."

"काहून गुरुजी?"

"माझ्या वडिलांनी कुळाला लिहून दिलं होतं. ते वावर गेलं. चांगलं विहिरीचं वावर होतं. मी लहान होतो, वडील त्या बांधापर्यंत जाऊन परत येत, आत पाय टाकत नसत." ते माझ्याकडे वळले. "बाई, मला माहीत आहे, आता कायदा बदलला, आता असं होत नाही म्हणतात. पण माझा मुलगा नागपूरला आहे, टोकनबिकन सगळं त्याच्या मोबाइलवर. तो म्हणतो, बाबा, कुठेच सही करू नका."

एस्नातनं मला हळू आवाजात काही विचारलं. गुरुजी म्हणाले, "काय म्हणतात त्या? सांगा."

मी सांगितलं, "त्या विचारतात, सरकारनं इंदूताईच्या कपाशीसाठी दिलेलं खत तुमच्या बगीच्यात जातं, हे सरकारला माहीत आहे का?"

गुरुजींना राग आला नाही. निदान दिसला नाही. "सरकारला वावर माहीत आहे," ते म्हणाले. "वावरात कोण आहे ते नाही. आणि त्यांना सांगा, माझीही झाडं मरत आहेत. मी खाद विकत नाही, झाडांना घालतो."

ते खरं होतं. इंदूताई उठली. निघताना गुरुजी दारापर्यंत आले. इंदूताईला ते मायेनंच म्हणाले, "तुला झेपत नसेल तर सांग हो. मी बघीन दुसरं कोणी."

बसस्टँडवर खासगी दुकानात चौकशी केली. युरिया होता, पण त्याच्या जोडीला एक महागडी औषधाची बाटली घ्यावी लागेल, असं दुकानदार म्हणाला. बाटलीत काय आहे ते त्यालाही नीट सांगता आलं नाही. एस्नात म्हणाली, मी घेऊन देते. मीही म्हटलं. इंदूताईनं ऐकलं नाही. "आज तुमी घेऊन देसान. पुढच्या डोजाले कोण येईन?"

दुपारी पाऊस थांबला. इंदूताईनं गोठ्यामागची शेळ्यांची जुनी लेंडी आणि चुलीतली राख टोपल्यांत भरली आणि शेताकडे निघाली. आम्ही मागोमाग. तिनं दाखवलं तसं झाडाच्या बुंध्यापासून बोटभर अंतरावर मूठ मूठ घालत गेलो. मला लवकर कंबर धरली. एस्नात मात्र वाकली की सरळच होत नव्हती. तिचा हात सरावाचा होता. एक मूठ, पाऊल, एक मूठ. तिनं आणि इंदूताईनं एकेक ओळ घेतली आणि दोघी सारख्या वेगानं पुढे जात राहिल्या. टोपल्या संपल्या तेव्हा शेताचा एक कोपरा झाला होता. बाकीचं शेत तसंच पिवळं.

"पुरत नाही," एस्नात म्हणाली.

"नाई पुरत," इंदूताईनं मी न सांगताच ओळखलं आणि नाल्यावर हात धुवायला गेली.

परत आलो तर प्रल्हादभाऊ दारात बसला होता. गुरुजींच्या मुलाचा नागपूरहून फोन येऊन गेला होता. बोलणं थोडकंच झालं. कापूस निघाला की वावर सोडा. पुढच्या साली दुसऱ्याला द्यायचं ठरलं आहे.

इंदूताईनं टोपली भिंतीला लावली. "कोण बोललं? गुरुजी?"

"नाई. पोरगा."

"गुरुजी नाई बोलले ना," ती म्हणाली. जणू त्यानं काही फरक पडत होता. मग ती चुलीपाशी गेली आणि तिनं भाकरीचं पीठ काढलं. एस्नातनं मला विचारलं, काय झालं. मी सांगितलं. "आपण तिच्यासोबत गेलो म्हणून का?" तिनं विचारलं आणि मला ते इंदूताईला विचारायला लावलं.

"नाई बाप्पा," इंदूताई पीठ मळता मळता म्हणाली. "मी मागतलं म्हणून. एकटी गेली असती तरी तेच झालं असतं. यायची माय नाई म्हटली म्हणून एकटी पडली, मी द्या म्हटलं म्हणून. तुमी जेवा."

दुसऱ्या दिवशी प्रल्हादभाऊ आमच्याच बसमध्ये होता. बोरगावपर्यंत तो दांड्याला धरून उभा होता, जागा असूनही बसला नाही. कारखान्यांचे पत्रे दिसू लागले तेव्हा म्हणाला, "थिले वावरात बरं वाटते. कारखान्यात तं बाया घेतच नाई आमच्या इथे. आता थे काय करन, हेच पाहून राहिलो मी." मग उतरला आणि मागे न बघता फाटकाकडे चालू लागला. त्याच्यासारखी कितीतरी माणसं तशीच चालत होती, डबे हातात घेऊन.

सावनेरवरून नागपूर. एस्नात सारा रस्ता काही लिहीत नव्हती. तिचं प्रशिक्षण संपलं होतं. विमानतळावर मी तिला विचारलं, खात्याला काय सांगणार. ती म्हणाली, "जे पाहिलं ते. पोतं स्वस्त आहे हे पहिल्या पानावर येईल, ते सगळ्यांना आवडेल. इंदूचं पुढे कुठेतरी."

पुण्याला परत येऊन आता तीन महिने होत आले. या लिखाणाला मी प्रवासवर्णन म्हणते आहे, पण बघण्यासारखं असं तिथे काय पाहिलं, असं कोणी विचारलं तर मला सांगता येत नाही. दोन देशांची तुलना करायला गेलो होतो. तिथे पोती थोडी आणि माणसं निवडलेली, इथे पोती पुष्कळ आणि माणसं मोजलेलीच नाहीत. जाताना मला वाटत होतं की दोन्हीकडचं चांगलं एकत्र करता येईल. सरकारी कामात वर्षानुवर्षं घालवलेल्या माझ्यासारख्या बाईला असं वाटायला नको होतं, पण वाटलं. एकत्र झालं ते वेगळंच.

एस्नातचा परवा फोन आला. तिच्या खात्याला आपलं इथलं यंत्र आणि जमिनीवरचं टोकन फार आवडलं आहे. आधी काही भागांत जमिनीची नोंद सुरू झाली आहे, मग त्या नोंदीवर खत. तिच्या भागात जमीन आईकडून मुलीकडे जाते, पण कागद कोणाकडेच नाही. नोंदणीला आलेल्या माणसांनी तिच्या आईच्या शेतावर मामाचं नाव लिहून नेलं. घरातला पुरुष कोण, एवढंच त्यांनी विचारलं. आता झाडाखाली नावं वाचायची नाहीत, असं तिला कळवण्यात आलं आहे.

मी हे इंदूताईला सांगायला फोन केला. का केला ते ठाऊक नाही, तिनं दर वेळी पाहुणीची चौकशी केली होती म्हणून असेल. तिची वेचणी पहिल्याच फेरीत आटोपली होती आणि ती आता दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जात होती. वावर पांढुर्ण्याच्या कोणीतरी घेतलं. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"मंग आता थिची माय काय करन?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, मला माहीत नाही.

मागे बायांचे आवाज येत होते, कोणीतरी कोणाला ओळ सोडू नको म्हणून ओरडत होतं.

"ठेवतो बाई," ती म्हणाली. "मुकादम पाहून राहिला."